कुंडिका, केंडी आणि चिनीमाती: भांडी विकली गेली, पण त्यातून बदललं काय?

प्रश्न असा आला आहे: "चिनी भांडी जहाजांतून इराण, आफ्रिका आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोचली हे उत्खननांतून दिसतं. पण एकानं विकलं, दुसऱ्यानं विकत घेतलं, एवढंच ना? त्याला सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणण्याइतका पुरावा खापरांमध्ये खरंच असतो का?"

शंका रास्त आहे. आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी ती स्वतःला जितक्या वेळा विचारायला हवी तितक्या वेळा आम्ही विचारत नाही. मी वीसेक वर्षं किनाऱ्यावरच्या उत्खननांतली खापरं धुण्यात, त्यांवर क्रमांक घालण्यात आणि काठ-बुडांची मापं घेण्यात घालवली आहेत. थरातून चिनी तुकडा निघाला की खड्ड्याभोवती आनंद होतो, अहवालात 'चीनशी सांस्कृतिक संबंध' हे शब्द पडतात आणि विषय मिटतो. खरं तर त्या तुकड्यावरून एवढंच कळतं, की एक भांडं इथे पोचलं. ते चिनी माणसानं आणलं, असंसुद्धा कळत नाही. बहुतेक वेळा त्यानं आणलेलं नसतंच.

देवाणघेवाण झाली असं मी कधी म्हणते? त्या भांड्यामुळे कुणाच्या तरी हातची रीत बदललेली दिसली तर. घडवणाऱ्या कुंभाराची, नाहीतर वापरणाऱ्या घराची. अशी बदललेली रीत खापरांत सापडते, आणि काही ठिकाणी तर ती इतकी ठसठशीत असते की शंकेला जागा राहत नाही. त्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण समुद्राच्या तळाशी मिळालं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

१९९८ साली इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ समुद्रकाकड्या गोळा करणाऱ्या स्थानिक पाणबुड्यांना जेमतेम १७ मीटर खोलीवर भांड्यांचा ढीग दिसला. ते एक जहाज होतं, साधारण १८ मीटर लांबीचं. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, दोरीनं शिवलेल्या होत्या. ही बांधणी चीनची नाही, हिंदी महासागराच्या पश्चिमेकडची, अरबी धाटणीची. आणि त्या शिवलेल्या पोटात होती सुमारे ६०,००० चिनी भांडी. एका वाडग्यावर तारीख कोरलेली होती: बाओली राजवटीचं दुसरं वर्ष, सातवा महिना, सोळावा दिवस. म्हणजे इ. स. ८२६. माल त्यानंतर लवकरच निघाला असणार. भांड्यांबरोबर चक्रीफूलही सापडलं. आपल्या गोडा मसाल्यात पडतं तेच, बाराशे वर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही ओळखू येणारं.

साठ हजारांतली पन्नास हजारांहून जास्त भांडी एकाच जातीची होती: चांगशाचे वाडगे. हुनान प्रांतातल्या या भट्ट्या समुद्रापासून शेकडो मैल आत, नदीकाठी होत्या. वाडगा तळहातावर मावेल एवढा. रंग पिवळसर, काठाला चार ठिकाणी तपकिरी रंगात बुडवल्यासारखे डाग आणि आत चार-सहा फटकाऱ्यांत काढलेलं चित्र. आमच्यासारख्यांना ओळखायला ते काठावरचे डाग पुरतात, एवढासा तुकडा असला तरी. हे वाडगे हिरव्या झिलईच्या मोठ्या रांजणांत गोल गोल रचून भरलेले होते, एकेका रांजणात शंभरावर. पॅकिंगची ही पद्धत पाहिली की त्यामागचा सराव कळतो. पहिल्यांदा माल पाठवणारा माणूस असं भरत नाही.

आता चित्रांकडे या. काही वाडग्यांवर पक्षी, ढग, लाटा आहेत, काहींवर चिनी कविता आहेत. एकावर चक्क जाहिरात आहे: हुनानमधल्या अमुक बाजारातले नामांकित वाडगे, फान घराण्याची खूण. काहींवर मात्र कुरळ्या केसांचा परदेशी माणूस आहे, मकरासारखा मासा आहे, आणि काहींवर अरबी अक्षरांसारखे दिसणारे फटकारे आहेत. 'सारखे' म्हणाले, कारण त्यातले बरेचसे वाचता येत नाहीत. ज्याला ती लिपी येत नव्हती त्यानं अक्षरांचं चित्र काढलं आहे. हुनानच्या नदीकाठचा तो कारागीर कधी समुद्रापर्यंतही गेला नसेल. पण आपला वाडगा कुठे जाणार आहे, तिथल्या लोकांना काय पाहायला आवडतं, याचा निरोप कुणीतरी त्याच्यापर्यंत पोचवला होता. दलालानं नमुना दाखवला असेल, कापडाचा तुकडा असेल, नाणं असेल. तो निरोप कुठे लिहून ठेवलेला नाही. तो वाडग्यातच आहे.

चांगशाच्या या वाडग्यांचे तुकडे इराणच्या आखातातल्या सिराफ बंदरात आणि श्रीलंकेतल्या मांतईत निघाले आहेत. म्हणजे बेलितुंगचं जहाज एकटं नव्हतं, ते एका नेहमीच्या वाटेवरचं होतं.

त्याच जहाजात आणखी तीन बशा होत्या. फक्त तीन. पण माझ्या दृष्टीनं त्या पन्नास हजार वाडग्यांहून मोलाच्या आहेत. पांढऱ्या अंगावर निळ्या रंगाची नक्षी, हेनान प्रांतातल्या गोंगशियान भट्ट्यांतली. आज 'चिनी भांडं' म्हटलं की डोळ्यांसमोर निळं-पांढरं येतं. त्या परंपरेतल्या, अखंड राहिलेल्या सगळ्यात जुन्या बशा याच. गंमत अशी की त्यांवरची नक्षी, मधे चौकट आणि तिच्या कोपऱ्यांतून फुटणारी पानं, चीनच्या परंपरेत बसत नाही. ती बसते ती इराकमधल्या बसऱ्याच्या भांड्यांवर.

बसऱ्यात काय चाललं होतं? अब्बासी खलिफांच्या काळात चीनची पांढरीशुभ्र भांडी तिथे पोचली आणि लोक त्यांच्यावर लुब्ध झाले. ८५१ सालच्या एका अरबी वृत्तांतात चीनमधल्या अशा भांड्यांचं वर्णन आहे, की माती असूनही आतलं पाणी बाहेरून दिसतं. बसऱ्याच्या कुंभारांनाही असं पांढरं भांडं हवं होतं. पण त्यांच्याकडे केओलिन नव्हतं. चिनीमातीतला तो मुख्य पांढरा घटक मिळाल्याशिवाय आणि भट्टी १२५०–१३०० अंशांपर्यंत चढवल्याशिवाय पोर्सेलिन होत नाही. त्यांच्या नदीकाठची माती पिवळसर, भट्टी त्या मानानं थंड. मग त्यांनी काचेच्या झिलईत कथील मिसळलं. झिलई दुधासारखी अपारदर्शक झाली आणि तिच्याखाली पिवळी माती झाकली गेली. लांबून पाहिलं तर चिनीच.

इथवर ही नक्कल आहे, आणि नक्कल म्हणजे अजून देवाणघेवाण नव्हे. पुढे मात्र बसऱ्याच्या कारागिरांनी जे केलं ते चीनमध्ये तेव्हा सहसा कुणी करत नव्हतं. त्या पांढऱ्यावर त्यांनी कोबाल्ट या खनिजानं निळं रंगवलं. निळा रंग ओल्या पांढऱ्या झिलईत शाईसारखा थोडासा पसरतो. बसऱ्याचा एखादा चांगला तुकडा हातात आला तर त्या पसरलेल्या कडा बघा, बर्फावर शाई सांडावी तसं दिसतं. ही कल्पना समुद्रमार्गे उलटी चीनला गेली आणि गोंगशियानच्या त्या तीन बशांत उतरली, असं मला आणि माझ्यासारख्या अनेकांना वाटतं. पांढरेपण चीनहून इराकला गेलं आणि निळेपण इराकहून चीनला आलं.

चीनमध्ये मात्र ती कल्पना तेव्हा रुजली नाही. पाचशे वर्षं गेली. चौदाव्या शतकात, मंगोल युआन राजवटीत, जिंगदेजेनच्या भट्ट्यांत ती परत उगवली, आणि या वेळी सोबत रंगही इराणहून आला. हे आम्ही अंदाजानं सांगत नाही. क्ष-किरण तपासणीत निळ्या रंगातली लोह आणि मँगनीजची प्रमाणं मोजता येतात. चीनमधल्या कोबाल्ट खनिजात मँगनीज भरपूर असतं, तर या काळातल्या निळ्यात लोह जास्त आणि मँगनीज अगदी कमी आहे. म्हणजे माती चीनची, रंग पश्चिमेचा आणि गिऱ्हाईकही पुष्कळ वेळा पश्चिमेचं.

गिऱ्हाईक कोण, हे भांड्याच्या आकारावरून कळतं. चिनी घरात जेवण लहान वाडग्यात, ज्याचं त्याचं. जिंगदेजेनच्या या नव्या मालात मात्र चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर व्यासाच्या परातीएवढ्या बशा आहेत. चारपाच जण भोवती बसून एकाच ताटातून जेवतात अशा पंगतीसाठी त्या आहेत, म्हणजे इराण, अरबस्तान आणि दिल्लीच्या दरबारासाठी. दिल्लीत तुघलकांच्या राजवाड्याच्या आवारात गेल्या शतकात साठ-सत्तर चिनी भांडी निघाली. त्यांत युआन काळातल्या निळ्या-पांढऱ्या अशा मोठ्या बशाही होत्या. एवढी मोठी, सपाट बशी भट्टीत न वाकता भाजणं किती अवघड आहे ते कुठल्याही कुंभाराला विचारा. जिंगदेजेनच्या कुंभारांनी ते कसब आपल्या स्वतःच्या जेवणासाठी शिकलेलं नव्हतं. दुसऱ्यांच्या जेवणाच्या रीतीनं त्यांचा हात घडवला.

चीनमधल्या रसिकांना हे सगळं लगेच पटलं असंही नाही. १३८८ सालच्या एका चिनी ग्रंथात निळ्या-पांढऱ्याला सरळ 'अगदी ग्राम्य' म्हटलं आहे. पण त्याआधीच, १३५१ साली, एका चिनी भक्तानं देवळाला अर्पण केलेल्या निळ्या-पांढऱ्या फुलदाण्यांची जोडी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अर्पणाचा मजकूर आणि तारीख त्यांच्या मानेवरच लिहिलेली आहे. परक्यांच्या आवडीची म्हणून सुरू झालेली वस्तू देवापुढे ठेवण्याइतकी आपली झाली होती. परकं कधी आणि कसं आपलं होतं, याचा यापेक्षा सरळ पुरावा मला माहीत नाही.

बसऱ्याची कथलाची झिलईही जागेवर थांबली नाही. ती स्पेनला गेली, तिथून इटलीला, पुढे हॉलंडला. डेल्फ्टच्या कारागिरांनी सतराव्या शतकात तीच झिलई वापरून चिनी निळ्या-पांढऱ्याची नक्कल केली. त्यांना तरी चिनी माल एवढा कुठून मिळाला? १६०३ साली डच लोकांनी सिंगापूरजवळ 'सांता कातारिना' हे मकाऊहून मलाक्काकडे निघालेलं पोर्तुगीज जहाज पकडलं. त्यात एक लाखाच्या आसपास चिनी भांडी असल्याचं सांगतात. त्यांचा लिलाव ॲम्स्टरडॅममध्ये झाला आणि उत्तर युरोपला या भांड्यांचं वेड लागलं. डेल्फ्टचं निळं मग पोर्तुगालच्या भिंतींवरच्या टाइल्सवर चढलं. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात अशा निळ्या टाइल्सवर पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग रंगवलेले आहेत, १९३५ सालचे. पर्यटक तिथे 'किती पोर्तुगीज!' म्हणून फोटो काढतात. मी तिथे उभी राहते तेव्हा मला बसरा आठवतं.

आता दुसरी गोष्ट. ती भारतातून निघते आणि माझी सगळ्यात आवडती आहे.

भिक्षूचं पाण्याचं भांडं म्हणजे कुंडिका. ब्रह्मदेवाच्या हातातला कमंडलू डोळ्यांसमोर आणा, त्याच कुळातलं. इ. स. ६७१ मध्ये चीनहून निघून समुद्रमार्गे भारतात आलेल्या यीजिंग या भिक्षूनं लिहून ठेवलं आहे, की इथले भिक्षू दोन कुंड्या बाळगतात. एक शुद्ध पाण्याची, ती मातीची किंवा चिनीमातीची. दुसरी वापरायच्या पाण्याची, ती तांब्याची किंवा लोखंडाची. सोवळ्याओवळ्याचा हा हिशेब आपल्याला समजावून सांगावा लागत नाही, पण यीजिंगला तो आपल्या देशबांधवांना समजावून सांगावा लागला. चिनी भाषेत भांड्यासाठी वेगळा शब्द न घडवता त्यांनी 'कुंडिका'चाच उच्चार उचलला: 'जुनची'. वस्तूबरोबर शब्द गेला, आणि शब्दाबरोबर शुद्धतेचा विचारही गेला.

आग्नेय आशियात तो शब्द 'केंडी' झाला. मलाया, जावा, सुमात्रा या भागांत केंडी घरोघरी आली. तिला मूठ नसते. मान धरून ती उचलायची आणि पोटाला असलेल्या तोटीतून तोंड न लावता वरून पाणी प्यायचं. कुंडिकेत पाणी खांद्यावरच्या तोटीतून भरत आणि वरच्या बारीक नळीतून ओतत. केंडीत उलटं झालं: वरून भरायचं, तोटीतून प्यायचं. धार्मिक विधीतलं भांडं रोजच्या तहानेचं झालं तेव्हा पाण्याची दिशाच बदलली.

मग चिनी भट्ट्यांनी आग्नेय आशियाच्या बाजारासाठी केंड्या करायला घेतल्या. पांढऱ्या, हिरव्या, पुढे निळ्या-पांढऱ्या, काही तर हत्तीच्या किंवा बेडकाच्या आकाराच्या. स्वतःच्या स्वयंपाकघरात ज्याचा फारसा उपयोग नाही असं भांडं चिनी कुंभार घडवत होता, आणि त्याचं मूळ भारतीय मठात होतं. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तंबाखू पूर्वेकडे पसरली. इराण आणि मोगल भारतातल्या लोकांनी चिनी केंडी पाहिली. गोल पोट, वर मान, बाजूला तोटी. त्यांना त्यात हुक्क्याचं बूड दिसलं! भिक्षूच्या शुद्ध पाण्याचं भांडं हजार वर्षांनी धूर गाळायला बसलं. हे काही अधःपतन नव्हे. ज्याच्या हातात वस्तू जाते तो आपल्या गरजेनं तिचा अर्थ लावतो, एवढंच मला त्यात दिसतं, आणि सांस्कृतिक देवाणघेवाण बहुतेक वेळा अशीच, कुणी न ठरवता होते.

आता आपल्या किनाऱ्याकडे. इथे मला थोडं सावध बोलायचं आहे, कारण उत्साहाच्या भरात आपल्याकडे बरंच जास्तीचं बोललं जातं.

महाराष्ट्राच्या सीमेला लागून, गुजरातेत, संजाण आहे. तिथे २००२ ते २००४ या काळात उत्खनन झालं. चिनी तुकडे निघाले, पण त्यांहून कितीतरी जास्त निघाली ती पश्चिम आशियातली निळसर-हिरव्या झिलईची भांडी. म्हणजे या बंदराचं तोंड पश्चिमेकडे जास्त होतं आणि चिनी मालही इतर मालात मिसळून, हात बदलत आला असणार. संजाणचं त्या काळचं चित्र एका ताम्रपटात मिळतं. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला हा ताम्रपट शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा. त्यावरून कळतं, की राष्ट्रकूटांनी संयान मंडळाचा, म्हणजे संजाणच्या परिसराचा, कारभार एका ताजिक म्हणजे अरब माणसाकडे सोपवला होता. ताम्रपटात त्याचं नाव मधुमती असं आहे, मुहम्मदचं संस्कृत रूप. त्यानं नदी ओलांडायला फुकट होडी सुरू केली आणि अन्नछत्र घातलं, जिथे साळीचा भात, व्यंजनं आणि तूप मिळे. बेलितुंगचं जहाज बुडालं त्यानंतरच्या शंभर वर्षांत आपला किनारा असा होता. अशा ठिकाणी भांडं कुठल्या देशाचं, यापेक्षा ते कुणाच्या पंगतीत बसलं हे जास्त बोलकं असतं.

कोकणात चौल-रेवदंड्यालाही चिनी तुकडे मिळाले आहेत. तरीही इराणच्या आखाताशी किंवा जावा-सुमात्राशी तुलना केली तर पश्चिम भारतात चिनी भांडी कमी दिसतात. जहाजं तर दारावरूनच जात होती. मग कमी का? माझं उत्तर स्वयंपाकघरात आहे. आपल्याकडे जेवणाचं भांडं धातूचं, नाहीतर पान. मातीचं भांडं एकदा उष्टं झालं की टाकायचं, आणि चिनीमाती झाली तरी ती मातीच. तांब्या-पितळेचं भांडं घासून शुद्ध होतं. त्यामुळे लखलखती चिनी बशी दरबारात, सुभेदाराच्या वाड्यात, मुसलमान आणि पुढे ख्रिस्ती घरांत शिरली, पण सर्वसामान्य हिंदू घराच्या पंगतीत बसली नाही. एखादी गोष्ट नाकारणं हीसुद्धा माहितीच आहे. मात्र ती खापरात दिसत नाही. खापर नसण्यात दिसते.

त्या स्वयंपाकघरानं चिनीमातीला एक जागा मात्र दिली: लोणच्याची. मीठ आणि आंबट एकत्र आलं की पितळेत कळकतं. साध्या मडक्यातून तेल-मीठ झिरपतं. झिलईच्या जाड भांड्याला हे दोन्ही दोष नाहीत. म्हणून बरणी आली आणि राहिली. हिंदी-उर्दूत लोणच्याच्या भांड्याला 'मर्तबान' म्हणतात. हा शब्द ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदराचा, आजच्या मोत्तमाचा. तिथून निघणाऱ्या मोठ्या झिलईच्या रांजणांना बंदराचंच नाव पडलं, मग ते रांजण दक्षिण चीनमधल्या भट्टीतले असले तरी. चौदाव्या शतकात इब्न बतूतानं आपल्या प्रवासवर्णनात असे मर्तबान भेट मिळाल्याचं लिहिलं आहे. त्यात काय होतं? प्रवासासाठी खारवलेलं आलं, मिरी, लिंबं आणि आंबे. म्हणजे मर्तबानात लोणचं भरायची रीत निदान पावणेसातशे वर्षांची आहे. (हाच इब्न बतूता दिल्लीच्या सुलतानाचा दूत म्हणून चीनला निघाला तेव्हा वाटेत दौलताबाद आणि नंदुरबारला थांबला होता.)

दौलताबादवरून आठवलं. किल्ल्यातल्या 'चिनी महाला'वरून पुष्कळांचा गैरसमज होतो. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह इथे कैदेत होता. या महालाच्या भिंतीवर निळ्या झिलईच्या टाइल्सचे अवशेष आहेत, त्या काही चीनहून आलेल्या नाहीत. 'चिनी' हा शब्द तोवर देशाचा राहिला नव्हता. जे जे झिलईचं, चकचकीत, ते चिनी. एका देशाचं नाव एका पोताचं नाव झालं. भाषेत असं घडतं तेव्हा मी त्याला खापरांइतकाच पुरावा मानते.

गोव्याची गोष्ट जरा वेगळी. मुरगावजवळच्या सुंची रीफवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांना सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, मर्तबानी रांजणांचे तुकडे आणि चिनी भांड्यांचे तुकडे, सगळं एकाच ढिगात. आफ्रिकेचे दात आणि चीनची माती गोव्याच्या दारात एकत्र बुडाली. पोर्तुगीजांनी तर चिनी भट्ट्यांना आपली राजचिन्हं रंगवण्याच्या ऑर्डरी दिल्या. काही भांड्यांवर ती उलटी उतरली आहेत. चांगशाच्या वाडग्यांवरची ती न वाचता येणारी अरबी अक्षरं आठवतात ना? सातशे वर्षांनंतरही तेच घडत होतं.

रांजणांबद्दल आणखी एक, थोडक्यात. बेलितुंगच्या जहाजात ज्यांत वाडगे भरले होते तसल्या हिरव्या रांजणांना आम्ही 'दुसून रांजण' म्हणतो. ते बनले दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगमध्ये, नाव मात्र बोर्निओतल्या दुसून लोकांचं, कारण त्यांच्या घरांत जुने चिनी रांजण पिढ्यान्‌पिढ्या कुळाची ठेव म्हणून जपले गेले. जपानमध्ये फिलिपिन्समार्गे आलेले साधे चिनी साठवणीचे रांजण चहाच्या विधीत मानाला चढले, त्यांना नावं ठेवली गेली, रेशमी वस्त्रं शिवली गेली. आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, केनिया-टांझानियात, स्वाहिली लोकांनी कबरींच्या प्रवाळदगडी खांबांत चिनी वाडगे बसवले. चीनमध्ये ज्याची किंमत चार पैसे, ते कुठे पूर्वज झालं, कुठे पाहुणा, कुठे मृताची खूण.

हे सगळं सांगताना माझ्या मनात एक धास्ती कायम असते. आपण भांड्यांची गोष्ट सांगतो कारण भांडी उरली. त्याच जहाजांतलं रेशीम कुजलं, मिरी-लवंग विरली, चहा विरघळला. जड आणि पाण्याला न भिणारी भांडी तळाशी नीरम म्हणून, म्हणजे जहाजाचा तोल राखणारं वजन म्हणून बसत आणि वरचा मौल्यवान माल सांभाळत. म्हणून भांडी हाच मुख्य व्यापार होता असं समजू नका. आपल्या बाजूनं त्या समुद्रात जे जात होतं ते मुख्यतः कापड, आणि ते सहसा टिकत नाही. इजिप्तच्या कोरड्या वाळूत गुजरातेतल्या छापील सुती कापडाचे तुकडे राहिले म्हणून त्या व्यापाराचा अंदाज तरी आला.

दुसरी खंत बेलितुंगबद्दलच. ते जहाज पुरातत्त्वज्ञांच्या संथ पद्धतीनं नव्हे, एका खासगी व्यावसायिक मोहिमेतून वर काढलं गेलं. संग्रह फुटून लिलावात गेला नाही, सिंगापूरमध्ये जवळपास एकत्र राहिला आणि तिथल्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममध्ये पाहता येतो, हे नशीब. पण वस्तू कुठल्या क्रमानं, कशाशेजारी होती, याची माहिती एकदा गेली की परत मिळत नाही. याच कारणावरून अमेरिकेतलं या संग्रहाचं ठरलेलं प्रदर्शन २०११ साली पुढे ढकललं गेलं होतं. मला तो निर्णय बरोबर वाटला. आजही वाटतो.

तुम्हाला स्वतः पाहायचं असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत. बहुतेक नंतरच्या काळातली, पण पोर्सेलिन म्हणजे काय हे डोळ्यांना कळायला ती पुरेशी आहेत. आणि कोकणात एखाद्या खाडीच्या मुखाशी, जुन्या बंदराच्या जागी, ओहोटीला निळा-पांढरा तुकडा दिसला तर उचलून खिशात टाकू नका. शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. तुटलेली कड बघा. साखरेच्या खड्यासारखी पांढरी आणि घट्ट असेल तर पोर्सेलिन, राखाडी आणि रवाळ असेल तर रांजणाचं स्टोनवेअर (दगडासारखी कडक भाजलेली माती), पिवळसर, भुसभुशीत आणि नखानं खरवडली जाणारी असेल तर बहुधा पश्चिम आशियातलं. मग तळाची कडी, म्हणजे भांडं ज्यावर टेकतं ती गोल कड, दिसते का बघा. तिला जाड वाळू चिकटलेली असेल तर ती किनाऱ्याची समजून खरवडू नका. दक्षिण चीनमधल्या काही भट्ट्यांत भांडी वाळूवर ठेवून भाजत, आणि ती वाळू झिलईत कायमची अडकून इथवर येते.